भट्टीवरची खोली

गोंदियाच्या स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला आमची माडी लागायची. पहिल्या लढाईच्या आधी कधीतरी बांधलेली, पक्क्या विटांची, वर लाकडी कठडा. रस्त्याच्या तोंडाशी एका कच्छी शेठचं किराणा दुकान, त्याला लागून परदेशी हलवायाचं हॉटेल. उत्तरेकडून आलेल्या माणसाला आमच्याकडे परदेशीच म्हणत. मागचा सगळा भाग विडीच्या कारखान्याचा. आणि वर, एका लांब ओसरीवर, बारा खोल्या.

त्या बारा खोल्यांत रेल्वेनं आणून टाकलेली माणसं राहत. कोणी रायपूरकडचं, कोणी तेलंगणातलं, कोणी अलाहाबादेकडचं. एका चुलीवर आंबाडीची भाजी शिजे, दुसऱ्या चुलीवर चिंचेचं सार, आणि भांडण मात्र सगळ्यांचं हिंदीत. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले असं म्हातारे सांगत, म्हणजे तसे आम्हीही बाहेरचेच. फरक इतकाच की आमच्या लोकांना इथं येऊन जमिनी मिळाल्या. माझ्या आईला त्यातलं ढेकूळही मिळालं नाही.

बाप राईस मिलमध्ये होता. मी सहा वर्षांची असताना तो तापानं गेला. सासरचे गोरेगावकडून गाडी जुंपून आले आणि म्हणाले, चल, घरी धान लावायला हात कमी आहेत. आईनं त्यांना जेवू घातलं आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवलं. मग ती या माडीत आली आणि विड्या वळायला बसली. पोवाराच्या बाईनं विड्या वळाव्या, याची लाज तिला सोडून सगळ्यांना वाटली. मुर्रीचा माझा मामा बाजाराच्या दिवशी गोंदियाला येई, माडीखाली रस्त्यावर उभा राहून आईला हाक मारी, तिथूनच चार शब्द बोले आणि जाई. जिना तो कधी चढला नाही.

मी पुढं नागपूरला जाऊन बी.ए. झाले. माडीतली पहिली आणि आमच्या घरातलीही पहिली, बाप्यांसकट. हे मी लाजत सांगत नाही. पण ती पदवी कुठून निघते ते मला माहीत आहे, आणि आता ते सांगायला हरकत घेणारंही कोणी उरलं नाही.

आमची खोली शेवटची. तिच्या बरोबर खाली कारखान्याची भट्टी होती. वळलेल्या विड्या त्या भट्टीत शेकत, म्हणून आमची जमीन बाराही महिने गरम. थंडीत सगळ्या माडीतल्या बाया आपापली सुपं घेऊन आमच्याकडे येऊन बसत. उन्हाळ्यात आम्ही दोघी ओसरीवर आणि खोलीत फक्त भांडी. तंबाखूची धूळ फळ्यांच्या फटींतून वर येई. भात झाकून ठेवला तरी पहिल्या घासाला ती जिभेला लागे. मला वाटे, भाताची चव अशीच असते.

माडीचा एक नियम होता आणि पुढचं सगळं त्यावरच फिरतं, म्हणून नीट सांगते. खोली भाड्यानं मिळत नसे, बिल्ल्यावर मिळे. बिल्ला म्हणजे पितळेची चपटी चकती, तिच्यावर आकडा ठोकलेला. ज्याच्याजवळ बिल्ला त्याला रोज सकाळी खालून तेंदूची पानं आणि तंबाखू मिळणार, त्यानं दुपार कलल्यावर वळलेल्या विड्या खाली द्यायच्या, आणि त्याला माडीवर राहता येणार. बिल्ला गेला की काम गेलं आणि त्याच दिवशी खोलीही गेली. आणखी एक होतं: खोकल्याचं माणूस माडीवर चालत नसे. कारखान्याच्या शेठचं म्हणणं, खोकणाऱ्याच्या हातची विडी कोण तोंडात धरेल?

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती. हायस्कुलात आम्ही तीनच मुली, आणि विडीवालीची मी एकटी. दिवाळीच्या सुमाराला आईला खोकला लागला. आधी आम्ही धूळ म्हटलं. मग तंबाखू म्हटलं. पौषात तिच्या पदरावर लाल डाग दिसला तेव्हा म्हणायला काही राहिलं नाही.

परीक्षा फाल्गुनाच्या शेवटी होती. तोवर आईचा खोकला खाली कळू द्यायचा नाही, एवढंच काम होतं. कळला तर खोली जाणार, आणि खोली गेली तर माझ्यासाठी गोंदियात दुसरं छप्पर नव्हतं. मामाकडे गेले असते तर पुस्तक बांधावरच ठेवावं लागलं असतं.

"परीक्षा होऊ दे," आई म्हणे. "मंग काय खोकलायचं ते मोकळ्यानं खोकलून घेईन."

तिनं एक युक्ती काढली होती. आमच्या मागं रेल्वेचं यार्ड. डबे जोडण्या-तोडण्याचा धडधडाट दिवसभर. आई खोकला छातीत धरून बसे आणि मालगाडी हलली की गोधडीत तोंड खुपसून सगळा एकदम काढे. गाडी थांबायच्या आत तिलाही थांबावं लागे. मी इतिहास पाठ करत बसलेली असे, आणि गाडीचा आवाज ऐकला की माझं वाचन आपोआप थांबे.

तिच्या हातात जोर राहिला नव्हता. म्हणून तिच्या वाटच्या विड्या मी वळायला लागले. पहाटे उठून पानं कापायची, शाळेपर्यंत वळायचं, उरलेलं शेजारच्या बाया पुरं करत. आमच्या बाजूची खोली रायपूरवालीची. मोठी जिभाळ बाई, चार पोरांची आई, पण रोज स्वतःच्या सुपातल्या दोन-तीन जुड्या आमच्या टोपलीत टाकून जाई. तिच्या पलीकडची तेलगू मावशी न बोलता तेच करी. खाली विचारलंच तर आईचा पाय मुरगळला आहे असं सांगायचं ठरलं होतं.

पण विडी नुसती वळून भागत नव्हतं, ती आईची दिसायला पाहिजे होती. खाली विड्या तपासणारा चेकर जबलपूरकडचा, पन्नाशीचा माणूस. तो जुडी हातात घेऊनच सांगे, ही कोणाची. प्रत्येकीचं तोंड दुमडणं वेगळं. आईचा उजवा अंगठा जरा वाकडा, त्यामुळं तिच्या विडीचं तोंड डावीकडे दबलेलं असे. आणि तिच्या प्रत्येक जुडीत दोन-तीन विड्या ढिल्या निघत. चेकर त्या उपसून काढी, मोडून टोपल्यात फेकी. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

रायपूरवाली मला शिकवी. पोरीला ती नोनी म्हणे. "नोनी, इतनी अच्छी मत बना. दो-तीन ढीली रख. तेरी माँ की थोड़ी लगेगी ये?"

"मुद्दाम वाईट बनवायची?"

"हव. मुद्दाम. जैसे सास के लिए रोटी बनाते हैं."

सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि मग यार्डाकडे कान लावून गाडीची वाट पाहत बसली.

मला ते जमलं, पण आवडलं नाही. माझा हात चांगला होता. मी वळलेली विडी सुतासारखी सरळ येई. तोंड डावीकडे दाबायला मला काही वाटत नसे, पण चांगली वळलेली विडी बोटांनी पुन्हा सैल करायची म्हणजे जिवावर येई. तरी महिनाभर मी ते केलं. जुडीत दोन, कधी तीन.

मग माघात एक दिवस असं झालं. शाळेतून आल्यावर मी टोपली घेऊन खाली रांगेत उभी होते. माझ्यामागं वीस-पंचवीस बाया आणि हॉटेलात चहा पिणारे रिकामटेकडे. चेकरनं जुडी उघडली, तीन विड्या काढल्या आणि त्यातली एक वर धरून सगळ्यांना दाखवली.

"ये देखो. ये बीड़ी है कि लकवे की उँगली?"

लोक हसले.

"माँ को बोल, हाथ में जान नहीं बची तो घर बैठे. और तू? मदरसे जाती है न? कितनी भी किताबें पढ़ ले, आखिर इसी टाट पे आके बैठेगी. तब तेरी भी ऐसी ही निकलेगी."

मी टोपली घेऊन वर आले. आईनं विचारलं, "काय म्हणला?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पानं कापायला बसले ती खाली मानेनं. शाळेत गेले नाही. आई म्हणाली, "काऊन वो, शाळा नाही का?" मी म्हटलं, सुट्टी आहे. रायपूरवाली तिच्या जुड्या घेऊन आली तर मी त्या परत दिल्या. दिवसभर एकटी बसून मी आईच्या वाटच्या सगळ्या विड्या वळल्या. तोंड डावीकडे दाबलं, तेवढं मी विसरले नाही. पण ढिली एकही ठेवली नाही. ठेवायची नाही असं ठरवूनच बसले होते. ज्या हाताला त्यानं नाव ठेवलं तो हात त्याला दाखवायचा होता.

खाली चेकरनं पहिली जुडी उघडली. बोटं फिरवली. दुसरी उघडली. तिसरी. तो काढायला काहीतरी शोधत होता आणि त्याला सापडत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला इतकं बरं वाटत होतं की पुढं मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही तेवढं वाटलं नाही.

त्यानं जुड्या खाली ठेवल्या.

"माँ का पैर कैसा है?" त्यानं विचारलं.

"बरा आहे."

"अच्छा," तो म्हणाला आणि उठला. रांग तशीच ठेवून तो जिन्याकडे निघाला. चेकर कधी वर येत नसे. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या तशी माडीतली बडबड एकेका खोलीतून बंद होत गेली.

आई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रिकामं सूप. तो उंबऱ्याशी थांबला. गळ्यातलं फडकं त्यानं नाकाला लावलं.

"कितने दिन से?"

"कायचं?" आई म्हणाली. "पायाचं? झाला महिना."

मग तिचा चेहरा बदलला. मला कळलं ती काय धरून बसली आहे. मी यार्डाकडे बघितलं. रूळ रिकामे होते. एकही गाडी हलत नव्हती. तिनं पदर तोंडात कोंबला, मान खाली घातली, खांदे गदागदा हलले, आणि मग ते बाहेर आलंच. बराच वेळ चाललं. रायपूरवाली तिच्या दारात उभी होती.

तो माणूस राक्षस नव्हता. मला तो तसा रंगवता आला असता, पण नव्हता. तो मला ओसरीच्या टोकाला घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "सेठ को बोलूँ तो शाम तक सामान सड़क पे. ये बीड़ी तेरे हाथ की है न? हाथ अच्छा है. एक काम कर. माई को गाँव भेज दे. बिल्ला तेरे नाम कर देता हूँ. कमरा रहेगा, पढ़ाई भी कर ले. पर माई नहीं रहेगी यहाँ. इतने बच्चे हैं ऊपर."

मी आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "बराबर हाये त्याचं. मी जातो दादाकडं. तू रायजो इथंच."

आणि मी हो म्हटलं. मीही लगेचच म्हटलं. रडले नाही, तिला थांबवलं नाही, मीही येते म्हटलं नाही. परीक्षेला दीड महिना राहिला होता.

तिनं विचारलं, "बिल्ला?"

"माझ्याजवळ ठेवते," मी म्हटलं. "तू बरी झालीस की तुझा तुला."

हे खोटं होतं. खाली चेकरनं वही काढली, आईच्या अंगठ्याच्या निशाणीवर आडवी रेघ ओढली आणि शेजारी बोट ठेवून म्हणाला, अंगठा लगा. मी म्हटलं, मला सही येते. त्यानं टाक दिला. त्या पानावर वरपासून खालपर्यंत अंगठेच अंगठे होते, निळे, काळे, पुसटलेले. माझी एकटीची सही. ती करताना मला अभिमान वाटला. वर आई तिचं गाठोडं बांधत होती, आणि खाली मी सहीखाली वळणदार रेघ ओढत होते.

मामा दुसऱ्या दिवशी बैलगाडी घेऊन आला. जिना नेहमीप्रमाणे चढला नाही. रायपूरवालीनं आणि मी आईला धरून खाली उतरवलं. गाडीत बसल्यावर आई मला म्हणाली, "दोन-तीन ढिल्या ठेवत जाय वो. लई सरळ वळली का तो रोजच तशी मागन." गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, वर खोलीच्या दाराकडे बघत होती.

मुर्री गोंदियाला लागूनच. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी पायी जाई. मामीनं तिला गुरांच्या कोठ्यात खाट दिली होती, एका बाजूला दोन बैल. घरात लेकरं होती, म्हणून मामीलाही मी काही म्हणत नाही. आई पहिल्याच खेपेला म्हणाली, "इथं बरं हाये. गाडीची वाट पाहा लागत नाही. जवा आला तवा खोकला." बैलाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काही चेकरले सांगत नाही." मग तिनं माझे हात हातात घेऊन बोटं तपासली आणि विचारलं, "बिल्ला सांभाळून हाये ना?"

दर खेपेला हाच प्रश्न. मी दर खेपेला गळ्यातला दोरा ओढून तिला बिल्ला दाखवी. चकतीवर तोच आकडा होता. तिला अक्षरं येत नव्हती, पण तो आकडा ती ओळखत होती. ती समाधानानं मान हलवी.

एक गोष्ट मध्येच सांगायला पाहिजे, नाहीतर मी लबाड ठरेन. त्याच वर्षी पावसाळ्यात रायपूरवालीचा धाकटा पोरगा खोकत खोकत गेला. तो थंडीत रोज आमच्या गरम जमिनीवर, आईच्या मांडीजवळ झोपत असे. रायपूरवालीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मी नागपूरला निघाले तेव्हा तिनं मला सोबत भाकरी बांधून दिली.

फाल्गुनात, परीक्षेला आठ-नऊ दिवस असताना, दुपारी खालून हाक आली. मी कठड्यावरून वाकून बघितलं. मामा रस्त्यात उभा होता. हॉटेलातली माणसंही वर बघायला लागली.

"पोरी," तो खालूनच ओरडला, "तुझी माय गेली वो."

मी उतरले. त्याच्यामागून चालत मुर्रीला गेले. बाजूच्या शेतात धानाची खुंटं वाळून उभी होती.

सगळं उरकून नदीवरून आलो तेव्हा दिवस कलला होता. मामीनं मला कोठ्यात बोलावलं. खाटेखालून तिनं एक बांबूची टोपली ओढली.

"हे घेऊन जाय बाप्पा. मी काय करू याचं?"

टोपलीत विड्या होत्या. पळसाच्या पानाच्या. मी एक उकलून पाहिली, आत तंबाखूच्या जागी धानाचा कोंडा भरला होता. जुड्या बांधल्या होत्या गोधडीतून उसवलेल्या दोऱ्यानं.

"दिवसभर हेच करून राहे," मामी म्हणाली. "पोराईले पानं तोडून आणाले लावे. मी म्हणलं, कायले वो बाई, पडून राहा ना. तर म्हणे, हात बसून जातात. बरी झाली का बिल्ला परत घ्याचा हाये."

मी खाटेवर बसले आणि एकेक जुडी सोडली. चेकर फिरवतो तशी बोटं फिरवली. पळसाचं पान जाड, वळायला अवघड, आणि कोंडा हातात ठरत नाही. तरी प्रत्येक विडीचं तोंड डावीकडे दबलेलं होतं. मी ढिली शोधत होते. दर जुडीत दोन-तीन असायलाच पाहिजे होत्या.

शेवटच्या जुडीपर्यंत बघितलं. मोडून टाकण्यासारखी एकही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू होता. सकाळी मी खाली रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा दोरा ओढून बिल्ला दाखवला आणि पानं घेतली.